जप्तीचा मोबाइल आणि मोकाट बाजार

जून महिना उजाडला की शाळांच्या सूचनाफलकांवर गणवेश, शुल्क आणि शिस्त ह्यांविषयीच्या सूचना झळकू लागतात. गेल्या काही वर्षांत त्यांत आणखी एका सूचनेची भर पडली आहे. विद्यार्थ्याजवळ मोबाइल आढळल्यास तो जप्त करण्यात येईल आणि पालकांना बोलावून समज दिल्याखेरीज परत मिळणार नाही. कोठे दंडाची रक्कमही लिहिलेली असते, कोठे वर्ष संपेपर्यंत फोन न देण्याची धमकी असते. पालकसभेत माना डोलतात, शिक्षक सुटकेचा निःश्वास टाकतात आणि संस्थाचालक कडक शिस्तीचे श्रेय पदरात पाडून घेतात. प्रश्न सुटला असे सर्वांनाच वाटते. वास्तविक तो सुटलेला नाही. त्याचे ओझे सर्वांत दुबळ्या खांद्यावर टाकून बाकीचे सारे मोकळे झाले आहेत, एवढेच घडले आहे.

ह्या प्रश्नावर समाजवादी कार्यकर्त्यांची भूमिका काय असावी? आपल्यात दोन मते ऐकू येतात. काही मित्र म्हणतात की, मोबाइल हे गरीब मुलाचे ग्रंथालय आहे. ज्याच्या घरी पुस्तकाचे कपाट नाही त्याच्या हातातून ते काढून घेणे म्हणजे नव्या स्वरूपातील ज्ञानबंदी होय. दुसरे मित्र म्हणतात की, मुले बिघडत चालली आहेत, तेव्हा बंदी जितकी कडक तितकी चांगली. ही दोन्ही मते प्रामाणिक असली तरी अपुरी आहेत. वर्गात मोबाइल नको, हे आपण निःसंदिग्धपणे म्हटले पाहिजे. आणि तितक्याच निःसंदिग्धपणे हेही म्हटले पाहिजे की, ज्या शासनाने आणि ज्या बाजाराने तो मुलांच्या हाती दिला त्यांना जाब न विचारता केवळ मुलांची दप्तरे तपासणारा नियम हा अन्यायाचा नियम आहे.

फोन मुलांच्या हाती कोणी दिला?

मार्च २०२० मध्ये महामारीमुळे शाळांना टाळे लागले आणि महाराष्ट्रात प्राथमिक वर्गांचे टाळे दीड वर्षाहून अधिक काळ निघाले नाही. 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' अशी घोषणा शासनाने दिली. हे शिक्षण कोठे सुरू होते? मोबाइलच्या पडद्यावर. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीचे (२०१७-१८) आकडे तेव्हा शासनाच्या हाताशी होते. ग्रामीण कुटुंबांपैकी सुमारे १५ टक्के कुटुंबांनाच इंटरनेटची सोय होती आणि संगणक तर ४.४ टक्के कुटुंबांतच होता. हे ठाऊक असूनही शिक्षण पडद्यावर नेण्यात आले. जनावर विकून किंवा दागिना गहाण टाकून मुलासाठी फोन घेतल्याच्या बातम्या त्या काळात वृत्तपत्रांतून येत होत्या. 'असर' अहवालांनुसार २०१८ साली शाळेत जाणाऱ्या ग्रामीण मुलांपैकी सुमारे ३६ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. २०२१ साली हे प्रमाण सुमारे ६८ टक्क्यांवर गेले. २०१६ पासून स्वस्त झालेल्या डेटाने वाट तयार करून ठेवलीच होती. शाळेने त्या वाटेवर मुलांना हाताला धरून नेले.

दुसरा मार्ग नव्हता काय? होता. सह्याद्री वाहिनीवरून 'टिलीमिली' ही पाठमालिका दाखविली गेली. जव्हार-मोखाड्याच्या आदिवासी पाड्यांवर ध्वनिक्षेपकावरून पाठ ऐकविले गेले. पाच-दहा मुलांचे गट करून झाडाखाली शिकविणारे शिक्षकही गावोगाव होते. ह्या प्रयत्नांना धोरणाचे बळ मिळाले असते, तर शिक्षण आणि फोन ह्यांची गाठ इतकी घट्ट बसली नसती.

शाळा उघडल्या तरी ती गाठ सुटली नाही. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांवर क्यूआर कोड छापलेले आहेत. ते फोनखेरीज उघडत नाहीत. शिष्यवृत्तीचा अर्ज पोर्टलवर भरायचा. २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेशही राज्यभर ऑनलाइन झाले. गृहपाठ, सूचना, सहलीची वर्गणी हे सर्व व्हॉट्सॲपच्या गटावर. म्हणजे शाळेच्या दारात फोन हा अपराध आणि दाराबाहेर तीच सक्ती! सकाळी जो फोन जप्त करायचा त्याच फोनवर संध्याकाळी अभ्यास धाडायचा, ह्या दुटप्पीपणाला मुले हसत असतील तर दोष त्यांचा नाही.

वर्गातील लक्ष हेच गरिबाचे भांडवल

तरीही वर्गात फोन नको, ही भूमिका आपण का घ्यायची? मोबाइलला ग्रंथालय मानणाऱ्या मित्रांना एवढेच विचारावेसे वाटते की, श्रीमंताच्या मुलाचे वर्गात लक्ष नसले तर त्याचे काय बिघडते? संध्याकाळी त्याच्यासाठी शिकवणी आहे, घरी इंग्रजी जाणणारे आईवडील आहेत, राहिलेला धडा विकत घेण्याची ऐपत आहे. शेतमजुराच्या, हमालाच्या किंवा घरकाम करणाऱ्या बाईच्या मुलासाठी गणित समजावून सांगणारे माणूस दिवसाच्या चोवीस तासांत केवळ त्या पाच-सहा तासांतच भेटते. त्या तासांतील त्याचे लक्ष हेच त्याचे एकमेव भांडवल. ते कोणी हिरावून घेत असेल, तर त्याला आवर घालणे हे गरिबाच्या बाजूचे काम आहे.

ही केवळ तर्काची गोष्ट नाही. इंग्लंडमधील चार शहरांतल्या ९१ शाळांचा एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. फोनवर बंदी आल्यानंतर परीक्षेतील गुण सुधारले, आणि ही सुधारणा मुख्यतः मागे पडलेल्या विद्यार्थ्यांत दिसली. पुढे असलेल्या विद्यार्थ्यांवर बंदीचा फारसा परिणाम झाला नाही. स्वीडनमध्ये पुढे झालेल्या अभ्यासात असा लाभ आढळला नाही, हेही सांगितले पाहिजे. परंतु फोनमुळे हानी झालीच तर ती कोणाची होते, ह्याचा इशारा इंग्लंडच्या अभ्यासात स्पष्ट आहे.

आणि ग्रंथालयाचा युक्तिवाद करताना त्या ग्रंथालयात प्रत्यक्षात काय वाचले जाते, तेही पाहावे. 'असर'च्या २०२४ च्या अहवालात १४ ते १६ वयोगटातील ग्रामीण मुलामुलींना मागील आठवड्यात फोनचा उपयोग कशासाठी केला, असे विचारले होते. शिक्षणाशी संबंधित कामासाठी असे सांगणारी सुमारे ५७ टक्के होती आणि समाजमाध्यमांसाठी असे सांगणारी सुमारे ७६ टक्के. यात मुलांचे चारित्र्य शोधण्याचे कारण नाही. पुस्तक वाचकाची वाट पाहत कपाटात उभे राहते. फोन मात्र क्षणोक्षणी हाक मारतो, कारण त्याच्या मालकाला त्या हाकेचे पैसे मिळतात.

यंत्राविषयी समाजवाद्यांची भूमिका कधी भाबडी नव्हती. डॉ. लोहियांनी लहान यंत्राचा आग्रह धरला तो उत्पादन आणि सत्ता ह्यांचे विकेंद्रीकरण व्हावे म्हणून. मोबाइल आकाराने तळहाताएवढा असला तरी लोहियांना अभिप्रेत असलेले लहान यंत्र तो नव्हे. यंत्र मुलाच्या मुठीत आहे, पण त्याची कळ सातासमुद्रापलीकडे आहे.

दंडुका पडतो कोणावर?

आता कडक बंदीच्या समर्थकांकडे वळू. नियम सर्वांना सारखा असला तरी त्याचा मार सर्वांना सारखा बसत नाही. ज्या घरात चार फोन आहेत त्या घरातल्या मुलाचा फोन शाळेच्या कपाटात महिनाभर पडून राहिला तरी घरचे काही अडत नाही. ज्या घरात एकच फोन आहे, त्यावर बँकेचा संदेश येतो, मुकादमाचा निरोप येतो, दवाखान्यातली तारीख कळते. तो जप्त करणे म्हणजे एका मुलाच्या चुकीसाठी सबंध कुटुंबाला शिक्षा करणे होय. वर त्याच्या सुटकेसाठी आईने किंवा बापाने एक दिवसाची मजुरी बुडवून मुख्याध्यापकांसमोर हात जोडून उभे राहायचे.

बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांच्या मुलांचा विचार करा. दिवाळीच्या सुमारास आईबाप कोयता घेऊन कारखान्यांच्या प्रदेशात जातात आणि मुले आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. पाच-सहा महिने आईचा आवाज त्यांना ऐकू येतो तो फोनवरच. आश्रमशाळांतील मुलांचीही तीच स्थिती. २० पेक्षा कमी पट असलेल्या शाळांच्या समूहशाळा करण्याचे प्रस्ताव शासनाने २०२३ साली मागविले. जवळची शाळा बंद करून मुलीला दूरच्या गावी धाडायचे, एसटी वेळेवर येईल ह्याची शाश्वती नाही, आणि तिच्याजवळ फोन सापडला की शिस्तीचा बडगा उगारायचा, हा कोठला न्याय?

सर्वांत गंभीर प्रश्न मुलींचा आहे आणि कडक बंदीच्या समर्थकांना त्याची जाणीवही दिसत नाही. 'असर'च्या २०२३ च्या अहवालानुसार १४ ते १८ वयोगटातील, फोन वापरता येणाऱ्या ग्रामीण मुलांपैकी ४३.७ टक्के मुलांजवळ स्वतःचा फोन होता. मुलींत हे प्रमाण १९.८ टक्के. फोन मुळात मुलाच्या हक्काचा आणि मुलीच्या संशयाचा विषय आहे. २०१९ साली गुजरातमधील बनासकांठा जिल्ह्यात ठाकोर समाजाच्या पंचांनी अविवाहित मुलींनी मोबाइल बाळगू नये असा फतवा बारा गावांसाठी काढला होता. शाळेचा नियम त्या पंचांच्या भाषेत बोलू लागला की काय होते? मुलाचा फोन जप्त झाला तर घरी दोन थपडा बसतात. मुलीचा फोन जप्त झाला, पालकांना बोलावले गेले, फोन उघडून कोणाचे निरोप आहेत ते चारचौघांत वाचले गेले, की तिची शाळा सुटते. आणि शाळा सुटलेल्या मुलीपुढे काय वाढून ठेवलेले असते, ते सांगायला नको. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील २० ते २४ वर्षांच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचा विवाह वयाच्या अठराव्या वर्षाआधी झालेला आढळला. ज्या राज्यात पाचातल्या एकीहून अधिक मुलींची ही गत आहे, तेथे 'पालकांना बोलावण्यात येईल' हे निरुपद्रवी वाक्य राहत नाही.

कायदाही ह्या बाबतीत मुलांच्या बाजूने बोलतो. शिक्षणहक्क कायदा, २००९ च्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ ह्यांना मनाई केली आहे. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. वसतिगृहात ठराविक वेळी फोन वापरण्यास केलेल्या बंदीविरुद्ध केरळमधील एका विद्यार्थिनीने दाद मागितली, तेव्हा केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये इंटरनेटची उपलब्धता हा शिक्षणाच्या आणि खाजगीपणाच्या हक्काचा भाग असल्याचा निर्वाळा दिला. फेब्रुवारी २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने शाळेत स्मार्टफोनवर संपूर्ण बंदी अनिष्ट आणि अव्यवहार्य ठरविली. त्याच वेळी वर्गात वापर नको, शक्य तेथे शाळेत आल्यावर फोन जमा करावेत, सुरक्षिततेसाठी संपर्काची मुभा असावी आणि नियम पालक-शिक्षकांशी विचारविनिमय करून ठरवावेत, अशी मार्गदर्शक सूत्रेही घालून दिली. सूचनाफलक लिहिणाऱ्या किती संस्थाचालकांनी ही सूत्रे वाचली असतील?

मोकाट बाजार

शाळेच्या दारातली बंदी कितीही नीट राबविली तरी ती दिवसाच्या पाच-सहा तासांपुरती. ब्रिटनमधील ३० शाळांच्या पाहणीत, जी २०२५ साली प्रसिद्ध झाली, फोनबंदी असलेल्या आणि नसलेल्या शाळांतील मुलांच्या मानसिक स्वास्थ्यात फरक आढळला नाही. कारण उघड आहे. शाळेत वाचलेला वेळ मुले बाहेर भरून काढतात. जी यंत्रणा मुलांना खेचून घेते तिला हात न लावता मुलांना रोखू पाहणे म्हणजे नळ उघडा ठेवून फरशी पुसण्यासारखे आहे.

ही यंत्रणा काय करते, ते तिच्या चालकांना पुरते ठाऊक आहे. इन्स्टाग्राममुळे काही किशोरवयीन मुलींच्या मनात स्वतःच्या शरीराविषयीची घृणा वाढते, हे फेसबुक कंपनीच्या अंतर्गत संशोधनातच नमूद होते. २०२१ साली ती कागदपत्रे फुटली तेव्हा जगाला कळले. मुलाने पडद्यावर घालविलेला प्रत्येक मिनिट जाहिरातदाराला विकता येतो. गिरणीमालक मजुराचे श्रम विकत घेताना निदान मजुरी तरी देत असे. येथे मुलाचे लक्ष फुकट घेऊन विकले जाते आणि वर डेटाचे पैसे बापाकडून वसूल होतात.

शिक्षणाच्या नावाने चाललेला धंदाही ह्याच जातीचा. बायजूज ह्या कंपनीचे मूल्य २०२२ साली २२ अब्ज डॉलर लेखले गेले होते. पालकांना कर्जाच्या हप्त्यांत अडकवून अभ्यासक्रम विकल्याच्या तक्रारींवरून त्याच वर्षी डिसेंबरमध्ये राष्ट्रीय बालहक्क आयोगाने तिच्या प्रमुखांना पाचारण केले, आणि २०२४ साली तिच्यावर दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली. कंपनी बुडाली, पण हप्ते फेडणाऱ्या पालकांना कोणी वाली राहिला नाही. खाजगी शाळांतून शुल्काबरोबर टॅब गळ्यात मारण्याचा उद्योग मात्र चालूच आहे. मुलाने खिशातून आणलेला पडदा बेशिस्त आणि संस्थेने विकलेला पडदा आधुनिक शिक्षण, हा ह्या संस्थाचालकांचा शिस्तीचा अर्थ!

शासन काय करते? २०२३ च्या व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्याच्या नवव्या कलमाने मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवण्यास आणि त्यांना हेरून जाहिराती दाखविण्यास मनाई केली आहे. पण कायद्याचे नियम निघायला नोव्हेंबर २०२५ उजाडले आणि त्यांतील मुख्य बंधनांसाठी कंपन्यांना आणखी दीड वर्षाची मुदत मिळाली. कंपनीला दीड वर्ष. विद्यार्थ्याला दीड मिनिटसुद्धा नाही! शासनाला मनात आणले तर करता येते, हे पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट २०२५ मध्ये कायद्याने आणलेल्या बंदीवरून दिसले आहे. प्रश्न इच्छेचा आहे.

इतर देशांकडे पाहावे. फ्रान्सने २०१८ साली कायदा करून पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या शाळांत फोनवर बंदी घातली. ब्राझीलने जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्रीय कायदा केला. ऑस्ट्रेलियात १६ वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते ठेवू देण्यास डिसेंबर २०२५ पासून मनाई आहे. त्या कायद्यातील वयाच्या अटीविषयी मतभेद होऊ शकतात. परंतु त्यातील एक गोष्ट आपण ध्यानात घेतलीच पाहिजे. त्यात दंड आहे तो कंपनीला, ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत. मुलाला दंड नाही आणि आईबापालाही नाही.

आपल्याच मातीतील धडा

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव ह्या गावाने २०२२ साली एक प्रयोग सुरू केला. संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजला की दीड तास घरोघरचे मोबाइल आणि दूरदर्शन संच बंद. ह्या प्रयोगाचे मर्म भोंग्यात नाही. नियम मुलांबरोबर मोठ्यांनाही लागू झाला आणि तो गावाने मिळून केला, ह्यात ते आहे. आपल्या शाळांचे नियम नेमके येथेच फसतात. विद्यार्थ्याचा फोन दारात जमा होतो आणि शिक्षकाचा फोन टेबलावर वाजत राहतो.

ह्यात शिक्षकाला झोडपण्याचा हेतू नाही. हजेरी, पोषण आहार, नाना प्रकारची माहिती हे सर्व त्याच्याच खाजगी फोनवरून, त्याच्याच पैशाने, अनेकदा तासाच्या वेळातच वर धाडायचे असते. कार्यालयातून निरोप येतो, माहिती तातडीने भरा. समोर चाळीस मुले बसलेली आणि गुरुजी पडद्यावर बोटे फिरवीत आहेत, ही स्थिती शासनानेच निर्माण केली आहे. तेव्हा ह्या लढ्यात शिक्षक आपला सहकारी आहे. त्याला विद्यार्थ्यांच्या विरोधात उभे करण्याचा डाव आपण हाणून पाडला पाहिजे.

आपल्या मागण्या

कार्यकर्त्यांनी पुढील मागण्या घेऊन शाळाशाळांतून जावे.

१. वर्ग चालू असताना फोन कोणाच्याच हाती नको; विद्यार्थ्याच्या नाही आणि शिक्षकाच्याही नाही. आणलेला फोन सकाळी जमा व्हावा आणि सुटीच्या घंटेला विनाशुल्क परत मिळावा.

२. त्या दिवसापलीकडे जप्ती नको, दंड नको, फोन उघडून पाहणे नको, चारचौघांत अपमान नको. मुलींच्या बाबतीत घरी कळविण्यापूर्वी शिक्षिकेने तिच्याशी एकांतात आणि विश्वासाने बोलावे.

३. प्रत्येक शाळेत, आश्रमशाळेत आणि हंगामी वसतिगृहात विद्यार्थ्यांसाठी शाळेचा चालू फोन असावा. स्थलांतरित कामगारांच्या मुलांना आईवडिलांशी बोलण्याची वेळ ठरवून द्यावी.

४. गृहपाठ, सूचना आणि शुल्क ह्यांसाठी फोनची सक्ती बंद व्हावी. शिष्यवृत्ती आणि प्रवेश ह्यांचे अर्ज शाळेतच, शाळेच्या संगणकावर भरून मिळावेत.

५. माहिती भरण्याची कामे शिक्षकांकडून काढून त्यांसाठी कर्मचारी आणि साधने शासनाने पुरवावीत.

६. शाळांनी टॅब, ॲप किंवा अभ्यासक्रम विकण्यास मनाई व्हावी.

७. मुलांवर पाळत ठेवणाऱ्या आणि जाहिराती लादणाऱ्या कंपन्यांवरील कायदेशीर बंधने तत्काळ लागू व्हावीत.

८. फोन काढून घ्यायचा असेल तर त्या जागी काहीतरी द्यावे लागते. प्रत्येक शाळेत उघडे ग्रंथालय, खेळाचे मैदान आणि संध्याकाळी दिवा असलेली अभ्यासिका हवी.

आठवी मागणी खर्चाची आहे असे सांगितले जाईल. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी हेच मांडले होते की, सरकारचा महसूल रयतेच्या घामातून जमतो आणि शिक्षणावरील खर्चाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना मिळतो. पडदे खरेदी करायला पैसा निघतो आणि पुस्तकांसाठी निघत नाही, ह्याचे उत्तर आजही तिजोरीत सापडत नाही, सत्तेच्या हितसंबंधांत सापडते.

हे काम कोठून सुरू करायचे, असे विचारणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी शिक्षणहक्क कायद्याचे २१ वे कलम आहे. विनाअनुदानित शाळा वगळता पहिली ते आठवीच्या प्रत्येक शाळेत व्यवस्थापन समिती असली पाहिजे. तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्मे सदस्य स्त्रिया असल्या पाहिजेत. बऱ्याच गावांत ही समिती सह्यांपुरती उरली आहे. तिची बैठक मागा. तीत मजूर आया येतील असे पाहा आणि त्यासाठी बैठक मजुरीच्या वेळेनंतर घ्यायला लावा. मोबाइलचा नियम त्या बैठकीत, वरच्या वर्गांतील मुलामुलींचे म्हणणे ऐकून, सर्वांसमक्ष ठरू द्या. जो नियम मुलांनी आणि त्यांच्या आईबापांनी मिळून केला तो पाळला जाईल. मग सूचनाफलकावरची जप्तीची धमकी पुसून टाकता येईल आणि कंपन्यांच्या व शासनाच्या दारात जाऊन जाब विचारण्याचे नैतिक बळ आपल्या अंगी येईल.